ससा उचलायचा कशाला?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ससा घरात येतो तो बहुतेक वेळा पोरांच्या हट्टापायी. बाजारातून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणलेलं पांढरंशुभ्र, लाल डोळ्यांचं पिल्लू सोप्यात सोडलं की पाच मिनिटांत कुणाच्या तरी कडेवर चढलेलं असतं. मग शेजारच्या काकूंच्या हातात, मग त्यांच्या मुलीच्या. पिल्लू जरासुद्धा हलत नाही आणि सगळे कौतुकानं म्हणतात, "बघ की, किती गरीब हाय!" खरं तर त्या वेळी ते भीतीनं गोठलेलं असतं.

सशाच्या पूर्वजांना जमिनीवरून उचलायचं ते फक्त त्यांना खाणाऱ्यानं: घारीनं, घुबडानं, कोल्ह्यानं, रानमांजरानं. पाय जमिनीवरून सुटले की जीव गेला, एवढंच गणित त्याच्या मज्जासंस्थेत बसलेलं आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूबाजूंचं आणि वरचंही दिसतं. फक्त नाकासमोरचा छोटा पट्टा आंधळा असतो. नेमका तिथूनच आपण हात पुढे करतो, नाहीतर वरून झडप घातल्यासारखा खाली आणतो. लाल डोळ्यांच्या सशात तर रंगद्रव्यच नसल्यानं नजर आणखी कमजोर. असा ससा समोरच्या वस्तूचं अंतर जोखण्यासाठी मान हळूहळू डावी-उजवीकडे डोलवतो. त्याला काही झालंय म्हणून घाबरू नये.

उचलण्यात दुसरा धोका हाडांचा. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो. मांजराचा १२ ते १३ टक्के. याउलट मागच्या पायांचे स्नायू भलतेच दणकट. हवेत लोंबकळताना सशानं जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा कमरेत मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे लुळे पडतात. उचलायचीच वेळ आली, म्हणजे दवाखान्यात न्यायचं असेल किंवा नखं कापायची असतील, तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि ससा आपल्या अंगाशी घट्ट. आपण खाली बसूनच उचलावा, म्हणजे निसटला तरी फार उंचावरून पडत नाही. कान धरून उचलणं हा क्रूरपणा आहे, मग बाजारात कितीही सर्रास दिसो.

मोबाइलवर सशाला उताणा करून 'झोपवल्याचे' व्हिडिओ फिरतात. ती झोप नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यासारखं पडून राहण्याची ती प्रतिक्रिया आहे. पोरांना हा खेळ करू देऊ नका.

मग ससा माणसाळतो तरी कसा? याचं उत्तर थोडं त्याच्या मेंदूत आहे आणि थोडं त्याच्या पहिल्या आठवड्यात.

पाळीव ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडच्या बिळात राहणाऱ्या रानसशाचा वंशज. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ साली रानटी आणि पाळीव सशांच्या मेंदूंची एमआरआयवर तुलना केली. भीतीचा कारभार पाहणारा अमिग्डला हा भाग पाळीव सशात लहान आढळला आणि त्या भीतीला आवर घालायला मदत करणारा, कपाळामागचा एक भाग मोठा. म्हणजे माणसाजवळ टिकण्याची निम्मी तयारी हा प्राणी जन्मतःच घेऊन येतो.

आपल्या शिवारातल्या सशाकडे मात्र ही तयारी नाही. ऊसतोडीच्या दिवसांत फडात एखादं पिल्लू सापडतं आणि कुणीतरी ते पोरांसाठी घरी आणतं. हा भारतीय ससा जातीनंच वेगळा आहे. पाळीव सशात ४४ गुणसूत्रं, याच्यात ४८, दोघांचा संकर होत नाही. हा बीळ खणत नाही. त्याचं पिल्लू केसाळ आणि उघड्या डोळ्यांचं जन्मतं आणि गवतात एकटंच दबून बसतं. आई टाकून गेलेली नसते, अंधार पडल्यावर ती दूध पाजायला येते. घरी आणलेलं असं पिल्लू बहुधा मरतंच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या सशाला संरक्षण असल्यामुळे तो पाळणं हा गुन्हाही आहे. फडात दिसला तर शेजारच्या बांधावर झुडपाच्या आडोशाला ठेवावा आणि आपण निघून जावं.

पाळीव सशाची पिल्लं याच्या अगदी उलट. बिनकेसांची, आंधळी, बंद कानांची. व्यायच्या आधी मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून गवतात मिसळते आणि पिल्लं त्या उबेत पुरलेली असतात. पाजायला ती दिवसातून साधारण एकदाच येते, तेही तीन-चार मिनिटांसाठी. तेवढ्यात पिल्लू आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं दूध ओढून घेतं. एरवी ती घरट्याकडे फिरकत नाही, कारण रानात तिचा वास म्हणजे शिकाऱ्याला बिळाचा पत्ता. आमच्याकडे यावरून लोक "आईनं टाकलं" असं समजतात आणि पिल्लांना चमच्यानं गाईचं दूध पाजायला बसतात. पोटं गोल आणि कातडी ताणलेली असेल तर आई पाजते आहे, हे ओळखावं.

डोळे मिटलेल्या या पिल्लांना पाजण्याची वेळ आधीच कळते. ती गवतातून वर येऊन तयार राहतात. आईच्या दुधातल्या एका गंधद्रव्यामुळे आचळ काही सेकंदांत सापडतं. हा गंध फ्रेंच संशोधकांनी २००३ साली नेमका ओळखला. या काही मिनिटांत पिल्लाचा मेंदू वास टिपून ठेवायला विलक्षण उत्सुक असतो. आईच्या अंगाला ज्या पाल्याचा वास, तो पाला पिल्लू मोठं झाल्यावर आवडीनं खातं.

हंगेरीतल्या संशोधकांनी याच खिडकीतून माणसाचा हात आत सरकवून पाहिला. पहिल्या आठवड्यात, पाजण्याच्या आगेमागेच्या अर्ध्या तासात, रोज थोडा वेळ पिल्लांना हाताळलं. दूध तुटण्याच्या वयात ही पिल्लं माणसाच्या हाताकडे आपणहून आली. न हाताळलेली दूर राहिली. रानटी सशांच्या पिल्लांवरही हा परिणाम दिसला, ही बाब मला सगळ्यात थक्क करणारी वाटते. हाताळणी पाजण्याच्या वेळेपासून लांब पडली तर मात्र तिचा तेवढा उपयोग होत नव्हता. पुढे असंही दिसलं की स्पर्शही गरजेचा नाही, त्या वेळी माणसाचा वास पोचला तरी भीती कमी होते.

"पिल्लांना हात लावू नको, आई खाऊन टाकते," हे आज्जीचं वाक्य आपल्याकडे घराघरांत आहे. माणसाला सरावलेली पाळीव मादी केवळ हाताच्या वासानं पिल्लं मारत नाही. पहिलटकरीण, पाण्याची टंचाई, घरट्याभोवतीची गडबड, कुत्र्याचं सततचं भुंकणं, ही कारणं जास्त खरी. आज्जीला दुखवायचं काम नाही. परक्या माणसांनी गर्दी करू नये एवढं तिचं म्हणणं बरोबरच आहे. घरात मादी व्यायली असेल तर तिच्या ओळखीच्या एकाच माणसानं, साबणाचा वास नसलेल्या धुतलेल्या हातानं, पाजणं झाल्या झाल्या पिल्लं पाहावीत. दोन मिनिटं पुरतात.

आपल्यातल्या बहुतेकांकडे मात्र ससा येतो तो महिन्याभराचा होऊन. पहिला आठवडा कधीच उलटून गेलेला. खरं तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नये. दूध नुकतंच तुटलेलं, पोट नाजूक, अशात घर बदललं की हगवण लागून पिल्लं दगावतात. असं मोठं पिल्लूही माणसाळतं, फक्त वेळ लागतो आणि तो वेळ जमिनीवर घालवावा लागतो.

खोलीत गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरा. सशाच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. गुळगुळीत टाइलवर तो घसरतो आणि घसरणारा ससा कायम घाबरलेला असतो. पिंजऱ्याचं दार उघडून ठेवा आणि जवळ बसून आपलं काम करा: भाजी निवडा, अभ्यास करा. हात घालून त्याला बाहेर ओढू नका. आतली जागा त्याची आहे आणि तिथं घुसलेल्या हातावर तो गुरगुरतो, पुढच्या पायांनी फटके मारतो. बाहेर येऊन तो तुमच्या पायाचा वास घेईल, हनुवटी घासेल. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात, घासलं म्हणजे 'हे माझं' अशी नोंद झाली. मग कपाळ आणि कानांच्या मुळाशी बोटांनी हळूच चोळा. पोट, शेपटी आणि पाय सोडा. हलका दातांचा कटकट आवाज म्हणजे सुख. जोरात दात खाऊन, अंग आखडून बसला तर दुखणं. मागचा पाय आपटला तर इशारा. धपकन कुशीवर पडून पाय पसरले तर समजा, तुमच्यावर भरवसा बसला. लहान मुलांना नियम एकच सांगावा: बसून भेटायचं आणि तो निघाला तर जाऊ द्यायचं. परत जाता येतं हे कळलेला ससा लवकर परत येतो.

चार ते सहा महिन्यांत तो वयात येतो आणि घरचे गोंधळतात. "काय ओ डॉक्टर, एवढं गरीब होतं, आता चावायलंय की!" नर मूत फवारतो, पायांभोवती गोल फिरतो. मादी पिंजऱ्यातला हात फाडते. हा स्वभावाचा बिघाड नाही, संप्रेरकांचा जोर आहे. नसबंदीनं तो बराच उतरतो. मादीला आणखी एक फायदा मिळतो, कारण चार वर्षांवरच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बऱ्याच प्रमाणात आढळतो. शस्त्रक्रिया सशांना भूल देण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडेच करावी. त्यासाठी कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्यापर्यंत चौकशी करावी लागली तरी करावी. ससा कळपातला प्राणी असल्यानं नसबंदी केलेली जोडी सगळ्यात समाधानी. नसबंदीविना दोन नर एकत्र ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि नर-मादी ठेवली तर ३१ दिवसांनी पिल्लं. व्यालेल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते, हेही ध्यानात असू द्या.

खाण्याबद्दल थोडक्यात. वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. आहाराचा मोठा भाग तेच. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत चावूनच. भाताचं पिंजर बसायला चांगलं, पण त्यात कस नाही. लसूण घास पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला थोडा थोडा. गाजर कधीमधी. चिरमुरे, शेंगदाणे, बिस्कीट आणि कुंदा पोरांनीच खावा. निपाणीकडच्या घरांत वाळता तंबाखू त्याच्या तोंडाला लागणार नाही हे पाहावं. आपलीच मऊ, चकचकीत लेंडी तो पहाटे खाताना दिसला तर हाकलू नका. आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला तशीच मिळतात.

हवेचं बोलायचं तर बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे सशाला एरवी मानवतं. एप्रिल-मेमध्ये मात्र पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला कान तेवढे आहेत. ओली फरशी आणि वारा द्यावा, पत्र्याच्या शेडमध्ये कोंडू नये. खानापूरकडच्या पावसात धोका वेगळा: ओल्या, मुतानं माखलेल्या ढुंगणावर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरतात. पावसाळाभर रोज शेपटीखाली बघावं. गणपतीत आणि दिवाळीत आतल्या खोलीत, लपायला खोकं देऊन ठेवावा. त्याचे कान आपल्या दुपटीहून वरच्या पट्टीतले आवाज ऐकतात, ढोल-ताशे आणि डॉल्बी त्याला किती झोंबत असतील याची कल्पना यावरून यावी.

सशाच्या बाबतीत 'शांत बसलाय' हे नेहमीच चांगलं लक्षण नसतं. दुखणं लपवणं ही भक्ष्य होणाऱ्या प्राण्याची सवय आहे. बारा तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर आतडी थांबली आहेत असं धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथं दोन गोष्टी विचारायला संकोचू नये. पेनिसिलिन गटातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि अँपिसिलिनसुद्धा, सशाला तोंडानं देत नाहीत. त्यांनी आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही. आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा सशावर कधीच मारत नाहीत.