झाकणातल्या दोन तारा: लॅपटॉपचे वायरलेस कार्ड बदलण्यामागचा इतिहास

लॅपटॉपच्या तळाचे आवरण उघडून जुने वायरलेस कार्ड काढणे आणि नवे बसवणे हे हाताला दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. एक बारीक स्क्रू, दोन तारा आणि टपाल तिकिटाएवढी एक पट्टी, एवढाच हा पसारा. तरीही कार्ड विकत घेण्यापूर्वी स्लॉट कोणत्या प्रकारचा आहे, प्रोसेसर कोणत्या कंपनीचा आहे, बायोस (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) नव्या कार्डाला अडवणार तर नाही, तारांची टोके जुळतील की नाही, असे इतके प्रश्न पुढे येतात की मेमरी किंवा डिस्क बदलण्याची सवय असलेला माणूसही बुचकळ्यात पडतो. यातला प्रत्येक प्रश्न लॅपटॉपच्या इतिहासातल्या एकेका टप्प्यावर निर्माण झाला आहे. त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच गोष्टीत सापडते: हे कार्ड म्हणजे एक रेडिओ प्रक्षेपक आहे, आणि त्याचा अँटेना मात्र कार्डावर नसून पडद्याच्या झाकणात बसवलेला आहे.

सुरुवातीला तसे नव्हते. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले आणि त्यात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. एनसीआर कंपनीने नेदरलँड्समध्ये विकसित केलेली वेव्हलॅन ही यंत्रणा त्यातूनच उभी राहिली. प्रत्येक कंपनीची उपकरणे स्वतःपुरतीच बोलू लागली तर बाजार वाढणार नाही हे लक्षात आल्यावर आयट्रिपलई या अभियंत्यांच्या, तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेत ८०२.११ समिती स्थापन झाली आणि एनसीआरचेच विक हेज तिचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिले. पहिले मानक १९९७ मध्ये मंजूर झाले. त्याचा वेग सेकंदाला जेमतेम १ ते २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये ८०२.११बी आले, वेग ११ मेगाबिटवर गेला, आणि त्याच वर्षी ‘वायफाय’ हे नावही रूढ होऊ लागले.

त्या काळातले वायरलेस कार्ड लॅपटॉपच्या बाहेरून बसत असे. १९९० पासून चालत आलेल्या पीसी कार्ड मानकाप्रमाणे ते ८५.६ गुणिले ५४ मिलिमीटरचे, म्हणजे लांबी-रुंदीला क्रेडिट कार्डाएवढे असे, आणि लॅपटॉपच्या कडेच्या फटीत सरकवले की काम झाले. जुने काढून नवे घालण्याला ना स्क्रूड्रायव्हर लागे, ना कोणाची परवानगी. अँटेना कार्डाच्याच टोकाला, फटीबाहेर राहिलेल्या काळ्या प्लास्टिकच्या उंचवट्यात असे, त्यामुळे रेडिओ आणि अँटेना एकत्रच बदलत. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत सरळ व्यवस्था होती असे म्हणायला हरकत नाही. मात्र पिशवीत घालताना तो उंचवटा कशाला तरी अडके, आणि टेबलाच्या पृष्ठभागालगत आडवा पडलेला अँटेना दुबळे सिग्नल पकडण्याच्या दृष्टीने फारसा चांगल्या जागी नव्हता.

अँटेना वर, पडद्याच्या बाजूला नेण्याची कल्पना सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचवली ती ॲपलच्या आयबुकने, जुलै १९९९ मध्ये. प्रत्येक आयबुकमध्ये अँटेना आधीच बसवलेला होता. एअरपोर्ट नावाचे कार्ड ९९ डॉलरला वेगळे मिळे आणि कळफलक उचलून त्याच्या खालच्या जागेत बसवावे लागे. ते कार्ड मूळ ल्युसेंट कंपनीच्या पीसी कार्डावर आधारलेले होते, फक्त त्याचा बाहेर येणारा उंचवटा गेला होता. रेडिओ आणि अँटेना यांची फारकत झाली ती इथे. पुढचे बरेचसे त्रास या फारकतीतून आले, आणि आज लॅपटॉप कुठेही उघडून कामाला बसता येण्याची सोयही तिच्यातूनच आली.

इतर कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये हीच रचना मिनी पीसीआय या स्लॉटमधून आली. साधारण ६० गुणिले ५१ मिलिमीटरचे हे कार्ड मदरबोर्डावर, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डावर, आडवे बसे आणि पडद्याच्या कडेने उतरणाऱ्या दोन तारा त्याला टोचलेल्या असत. ते अंतर्गत असले तरी वेगळे काढता येत असे, कारण उत्पादकाला एकच मदरबोर्ड बनवून देशोदेशीच्या रेडिओ नियमांप्रमाणे आणि ग्राहकाच्या खर्चाच्या तयारीप्रमाणे त्यावर वेगवेगळे कार्ड चढवता यावे हा हेतू होता. ग्राहकाने ते स्वतः बदलावे असा विचार त्यामागे क्वचितच होता. तो मार्ग ग्राहकांनी स्वतः शोधून काढला.

त्याला निमित्त मिळाले २००३ मध्ये. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात इंटेलने सेंट्रिनो हे नाव बाजारात आणले: पेंटियम एम प्रोसेसर, ठराविक चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिप) आणि इंटेलचे स्वतःचे वायरलेस कार्ड हे तिन्ही एकत्र असतील तरच लॅपटॉपवर ते चिन्ह लावता येई. वायफाय ही लॅपटॉपची गृहीत धरलेली सोय झाली त्यात या मोहिमेचा वाटा मोठा आहे. परंतु त्या पहिल्या सेंट्रिनोतले प्रो/वायरलेस २१०० हे कार्ड फक्त ११ मेगाबिटच्या बी मानकाचे होते, आणि अवघ्या तीन महिन्यांनी, जूनमध्ये, ५४ मेगाबिटचे ८०२.११जी मानक मंजूर झाले. नवाकोरा, महागडा लॅपटॉप एका ऋतूत मागे पडला. उरलेले यंत्र वर्षानुवर्षे चालणारे, पण आतली एक पट्टी जुनी, अशा स्थितीत ती पट्टीच बदलावी हा विचार लोकांच्या मनात येणे अगदी साहजिक होते.

वेगाइतकेच सबळ कारण सुरक्षिततेचे होते. वेप ही मूळ गुप्तलेखन पद्धत किती कच्ची आहे हे फ्लुरर, मँटिन आणि शामिर या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. जुन्या कार्डांवरही चालावी अशी तात्पुरती सुधारणा डब्ल्यूपीए या नावाने २००३ मध्ये आली, आणि एईएस या अधिक भक्कम गुप्तलेखन पद्धतीवर उभी असलेली डब्ल्यूपीए२ पुढच्या वर्षी. बऱ्याच जुन्या कार्डांच्या चिपला एईएसचे गणित झेपत नव्हते, आणि अशा वेळी नवा ड्रायव्हर घालून भागत नसे. कार्डच बदलावे लागे.

इथेच पहिला मोठा अडथळा पुढे आला. काही उत्पादकांनी बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी ठेवली होती, आणि यंत्र सुरू होताना स्लॉटमधल्या कार्डाचा ओळख क्रमांक त्या यादीशी ताडून पाहिला जाई. थिंकपॅड या लॅपटॉपांवर दिसणारा ‘१८०२’ हा क्रमांक त्यामुळे बदनाम झाला: अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवले आहे, यंत्र बंद करून ते काढा, अशा अर्थाचा संदेश काळ्या पडद्यावर उमटे आणि त्यापुढे काहीच घडत नसे. एचपीच्या यंत्रांवर अशाच प्रसंगी ‘१०४’ हा क्रमांक येई. ही तपासणी इतकी काटेकोर होती की तेच मॉडेल, त्याच कंपनीचे, पण सुटे विकत घेतलेले असेल तर तेही नाकारले जाई, कारण लॅपटॉप कंपनीसाठी बनवलेल्या कार्डावरचा उपक्रमांक वेगळा असे. काही थिंकपॅडमध्ये सीमॉस स्मृतीतला, म्हणजे बायोसच्या नोंदी साठवणाऱ्या छोट्या स्मृतीतला, एक बिट बदलला की ही तपासणी टळते हे कोणीतरी शोधले आणि एवढेच काम करणारा एक चिमुकला प्रोग्राम पुढे कित्येक वर्षे हातोहाती फिरत राहिला. ज्यांना ते जमत नव्हते ते बदललेले बायोस भरण्यापर्यंत मजल मारत, आणि त्यात कधीमधी मदरबोर्ड गमावूनही बसत.

उत्पादकांचे स्पष्टीकरण असे की रेडिओ उपकरणाला मिळणारी मान्यता कार्ड आणि अँटेना यांच्या विशिष्ट जोडीला मिळते. अँटेना झाकणात पक्का बसवलेला असल्याने भलतेच कार्ड लावले तर ती जोडी मोडते आणि जबाबदारी कंपनीवर येते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ते सहज झटकून टाकता येत नाही. पण त्याच नियमांखाली, त्याच बाजारांत, अशी यादी न ठेवता लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्याही होत्या. तेव्हा यादीमागे नियमाइतकाच स्वतःचे सुटे भाग विकण्याचा हिशेबही असावा, असे मानायला बरीच जागा राहते.

साधारण २००५-०६ पासून मिनी पीसीआयची जागा मिनी पीसीआय एक्स्प्रेसने घेतली. कार्डाचा आकार निम्मा, ३० गुणिले ५१ मिलिमीटर झाला, आणि नंतर सुमारे २७ मिलिमीटर लांबीची अर्धी आवृत्तीही आली. या स्लॉटमध्ये पीसीआय एक्स्प्रेसबरोबर यूएसबीच्या ताराही असतात. वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर आल्यावर याला महत्त्व आले, कारण ब्लूटूथ सहसा यूएसबीमधून बोलते. ज्या जुन्या मदरबोर्डावर स्लॉटला यूएसबी जोडलेलीच नव्हती, तिथे नव्या कार्डाचे वायफाय चाले आणि ब्लूटूथ मात्र कुठे दिसतच नसे. याच स्लॉटमधली २० क्रमांकाची पिन रेडिओ बंद करण्याचा संकेत वाहते. लॅपटॉपवरच्या वायफाय चालू-बंद करणाऱ्या कळीचा आणि नव्या कार्डाचा मेळ बसला नाही की वायफाय कायमचे बंद दिसे. मग त्या एका पिनवर, केसाएवढ्या जागेत, चिकटपट्टीचा तुकडा कापून लावायचा. ५२ पिनांतून नेमकी विसावी मोजून काढणे आणि शेजारच्या पिना उघड्या ठेवणे हे काम ज्याने भिंगाखाली केले असेल, तो पिनांच्या मोजणीची दिशा पुन्हा विसरत नाही.

२००९ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एनने अँटेनाचा प्रश्न नव्या रूपात समोर आणला. एकाच वेळी अनेक अँटेनांतून माहितीचे वेगवेगळे प्रवाह पाठवण्याची युक्ती या मानकाने वापरात आणली, त्यामुळे झाकणातून किती तारा उतरतात यावर वेग ठरू लागला. इंटेलच्या ६३०० या कार्डाला तीन जोडण्या होत्या आणि ते ४५० मेगाबिटपर्यंत जाई, पण दोनच तारा असलेल्या लॅपटॉपमध्ये तिसरी जोडणी रिकामी राही आणि तिच्यासाठी मोजलेले जादा पैसे वाया जात. उलट बाजूने, स्वस्त लॅपटॉपमध्ये उत्पादक एका अँटेनाचे, कधी कधी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे कार्ड घालून मोकळे होत. २०१३ मधल्या ८०२.११एसीच्या काळात एक प्रवाह म्हणजे ४३३ मेगाबिट आणि दोन प्रवाह म्हणजे ८६७, इतका सरळ फरक होता. पट्टी बदलण्याचे प्रमाण वाढले त्यामागे नव्या मानकांपेक्षा उत्पादकांची ही काटकसरच अधिक असावी, असा माझा समज आहे.

तारांच्या टोकांबद्दल थोडे सांगायला हवे. मिनी पीसीआय आणि मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डांवर यू.एफएल नावाची जोडणी असे: डाळीच्या दाण्याएवढी गोल टोपी, जी बरोबर वर धरून नखाने दाबली की टिक असा बारीकसा आवाज होऊन बसते आणि जराशी तिरकी असताना दाबली तर चेपते. ही जोडणी ३० वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेली आहे, म्हणजे ती कारखान्यातल्या जुळणीसाठी आहे, रोजच्या हाताळणीसाठी नाही. पुढे एम.२ कार्डांवर आलेली एमएचएफ४ ही जोडणी त्याहून लहान असून दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये अडॅप्टर वापरून नवे कार्ड बसवले तरी तारांसाठी वेगळे तुकडे लागतात.

एम.२ हा आजचा स्लॉट २०१३ च्या सुमारास आला. त्यातले नेहमीचे वायरलेस कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असते, म्हणून त्याला २२३० म्हणतात, आणि त्याच्या कडेला ए किंवा ई नावाची, बहुतेकदा दोन्ही, स्लॉटशी जुळणारी खाच असते. खाच जुळली की कार्ड चालणार, हा भरवसा फार काळ टिकला नाही. २०१७ च्या अखेरीपासून इंटेलने सीएनव्हीआय ही रचना आणली, ज्यात रेडिओचे बरेचसे डिजिटल काम चिपसेटच्या किंवा प्रोसेसरच्या आत गेले आणि कार्डावर उरला तो मुख्यतः प्रत्यक्ष लहरी पाठवणारा-घेणारा भाग. असे अर्धे कार्ड ई खाचेच्या स्लॉटमध्ये नीट बसते, स्क्रूही लागतो, पण त्याचा उरलेला अर्धा भाग ज्या यंत्रात नाही तिथे, उदाहरणार्थ एएमडी या कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्ये, ते मुके राहते. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डे आहेत, तर एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही सीएनव्हीआयची. एका अंकाच्या या फरकाने पुष्कळांना कार्ड परत पाठवायला लावले आहे.

२०२० मध्ये अमेरिकेने ५.९२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला केला आणि त्यासाठीची वायफाय ६ई कार्डे लगेच पाठोपाठ आली. जुन्या लॅपटॉपमध्ये ती बसतात, पण विंडोजवर ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरायला विंडोज ११ लागते, कोणत्या देशात तो वापरता येईल हे तिथल्या नियमांवर अवलंबून असते, आणि झाकणातले अँटेना २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले असल्याने वरच्या पट्ट्यात त्यांची कामगिरी उतरू शकते. कार्ड बदलणाऱ्यांपैकी झाकण उघडून अँटेनाही बदलणारे फारच थोडे.

दरम्यान पातळ लॅपटॉपांमध्ये स्लॉटच नाहीसा होऊ लागला आहे. एम.२ मानकातच १२ गुणिले १६ मिलिमीटरचा, थेट मदरबोर्डावर डाखण्याचा प्रकार सांगितलेला आहे, आणि तो वापरला की स्क्रू, खाच आणि बायोसची यादी हे सगळेच प्रश्न एकदम मिटतात, कारण काढण्यासारखे काही उरतच नाही. अशा यंत्राला नवे वायफाय हवे असेल तर यूएसबीचे उपकरण कडेला खोचावे लागते, ज्याचा अँटेना पुन्हा त्याच्याच प्लास्टिकच्या टोकात असतो. झाकणातल्या तारा जुन्या रेडिओला जोडलेल्या तशाच राहतात.