चर्चिलचा 'आवाज': नॉर्मन शेली प्रकरणाची पार्श्वभूमी

ब्रिटिश नट नॉर्मन शेली (१९०३–१९८०) याचं नाव आज निघतं ते बहुतेक वेळा एकाच कारणासाठी. जून १९४० मध्ये रेडिओवरून साऱ्या देशाने ऐकलेलं 'आम्ही किनाऱ्यांवर लढू' हे भाषण चर्चिलचं नव्हतंच, शेलीने त्याच्या आवाजात ते वाचलं होतं, असं सांगतात. किस्सा चटकदार आहे. त्यात थोडं तथ्यही आहे, आणि सगळा घोळ त्या थोड्याशा तथ्याने घातला आहे.

शेलीची सुरुवात रंगभूमीवरची. रेडिओ नवा होता तेव्हाच, विसाच्या दशकात, तो बीबीसीच्या स्टुडिओत पोचला आणि तिथेच रमला. पुढे चित्रपट झाले, टीव्ही झाला, पण पडद्यावर त्याच्या वाट्याला बहुतेक दुय्यम कामं आली. माइकसमोर मात्र तो राजा होता. मुलांच्या 'चिल्ड्रन्स अवर' या कार्यक्रमातलं विनी-द-पू हे अस्वल म्हणजे शेलीचाच आवाज, असं त्या पिढीतल्या श्रोत्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्या काळातलं बहुतेक काम थेट प्रक्षेपित व्हायचं. नट यायचे, हातातले कागद न वाजवता वाचायचे आणि घरी जायचे. मागे काही उरायचं नाही. त्यामुळे युद्धापूर्वीच्या शेलीबद्दल ऐकीव गोष्टी फार, ऐकण्याजोगं जवळजवळ काही नाही.

आता ते भाषण. ४ जून १९४० रोजी, डंकर्कहून सैन्य परत आल्यावर, चर्चिल कॉमन्स सभागृहात बोलला. सभागृहात माइक नव्हताच. कामकाजाचं नियमित ध्वनिप्रक्षेपण तिथून सुरू व्हायला १९७८ उजाडलं. जानेवारी १९४२ मध्ये आपल्या एका भाषणाचं ध्वनिमुद्रण करू द्यावं, असा प्रस्ताव खुद्द चर्चिलने मांडला होता. सभासदांनी नाकं मुरडली आणि त्याला तो मागे घ्यावा लागला. सभागृहातलं भाषण संध्याकाळी रेडिओवरून पुन्हा करायचं, तर वेगळं बसावं लागे, आणि चर्चिलला त्याचा मनस्वी कंटाळा. ४ जूनला तो बसलाच नाही. त्या रात्री लोकांनी ऐकले ते बातम्यांमध्ये निवेदकाने वाचलेले उतारे. शेलीने नव्हे, चर्चिलनेही नव्हे.

मग 'आम्ही त्या रात्री चर्चिलला ऐकलं' असं शपथेवर सांगणारे हजारो लोक कुठून आले? ते खोटं बोलत नव्हते. लोक जे पुढे ऐकत राहिले ते मुद्रण १९४९ मधलं आहे. युद्ध संपून चार वर्षं झाली होती, चर्चिल विरोधी पक्षात होता, तेव्हा चार्टवेल इथल्या आपल्या घरी बसून त्याने जुनी भाषणं ग्रामोफोन कंपनीसाठी पुन्हा वाचली. साठच्या दशकात त्यांच्या तबकड्या बाजारात आल्या आणि माहितीपटवाल्यांनी तो आवाज डंकर्कच्या चित्रफितींखाली बेधडक जोडून दिला. पन्नास वर्षं हेच ऐकल्यावर आठवणीत जून १९४० आणि ती तबकडी एक झाली तर नवल नाही.

शेली शिरतो तो या दोहोंच्या मधल्या फटीत. त्याने चर्चिलच्या आवाजात ते भाषण मुद्रित केलं होतं, यात आता शंका नाही. २००० साली लंडनच्या एका रविवारच्या वृत्तपत्राने बातमी दिली की शेलीच्या मुलाकडे मिनिटाला ७८ फेऱ्यांची एक तबकडी आहे. तिच्यावर बीबीसीचं नाव, चर्चिलचं भाषण असा उल्लेख, कलाकार म्हणून नॉर्मन शेली आणि तारीख ७ सप्टेंबर १९४२. बातमीचा सूर 'अखेर पुरावा मिळाला' असा होता. पुरावा मिळाला खरा, पण कशाचा? मूळ भाषणानंतर दोन वर्षं आणि तीन महिन्यांनी एका नटाने ते वाचलं, एवढ्याचाच. ४ जून १९४० ला तो माइकसमोर होता, हे त्यातून कसं निघतं, ते बातमी देणाऱ्यांनाच ठाऊक. ती तबकडी तेव्हा कधी प्रक्षेपित झाली, असंही तिच्यावरून सिद्ध होत नाही.

मुळात या किश्शाला पुस्तकी प्रतिष्ठा दिली ती ऐंशीच्या दशकातल्या एका इतिहासलेखकाने. त्याला चर्चिलची प्रतिमा खाली खेचायचीच होती. तोपर्यंत शेली हयात नव्हता. मुद्रण केल्याचं तो स्वतः सांगत असे, पण त्याचा धागा ताणून 'देशाला फसवलं' इथपर्यंत नेला तो इतरांनी. १९९० च्या सुमारास आवाजांचं विश्लेषण करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीच्या तपासणीचा हवाला दिला गेला: चर्चिलच्या नावावरची काही मुद्रणं बाकीच्यांशी जुळत नाहीत. न जुळण्याची साधी कारणं असू शकतात. वय, थकवा, वेगळा माइक, वेगळी खोली. १८ जूनचं 'फायनेस्ट अवर' भाषण चर्चिलने त्याच संध्याकाळी स्वतः रेडिओवर वाचलं, आणि तेव्हाही काही श्रोत्यांना तो प्यायलेला वाटला होता, इतका आवाज ओढलेला. त्या इतिहासलेखकाने इतिहासाची कशी तोडमोड केली, हे लंडनच्या न्यायालयाने त्याच २००० साली, त्यानेच लावलेल्या बदनामीच्या दाव्यात नोंदवून ठेवलं आहे. तेव्हा त्याच्या शब्दावर किती विसंबायचं ते ज्याने त्याने ठरवावं. चर्चिलवर गंभीर आक्षेप घ्यायला बंगालचा दुष्काळ पुरेसा आहे. त्यासाठी हा नकलेचा किस्सा कशाला हवा?

या गदारोळात शेलीचं खरं काम मागे पडलं. १९५२ ते १९६९ या काळात बीबीसीवर कार्लटन हॉब्जने शेरलॉक होम्स केला, आणि त्याच्यासोबतचा वॉटसन म्हणजे शेली. मधेच, १९५४ मध्ये, रंगभूमीवरचे दोन दिग्गज त्याच भूमिकांत रेडिओवर येऊन गेले, तरी लोकांच्या तोंडी जोडी राहिली ती हॉब्ज-शेलीची. हॉब्जचा होम्स कोरडा, तुटक. शेलीचा वॉटसन जाड आवाजाचा, जरा धापा टाकत, पण बावळट नव्हे. पडद्यावर त्या डॉक्टरचा विदूषक करून टाकला होता, त्यावरचा हा उतारा म्हणायला हरकत नाही. गोष्ट वॉटसन सांगतो, त्यामुळे श्रोत्याच्या कानात जास्त वेळ शेलीच असे. आकाशवाणीवर श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना निवेदक-पात्राच्या आवाजाचं हे वजन वेगळं सांगायला नको.

अखेरच्या वर्षांत तो 'द आर्चर्स' या खेड्यावरच्या अखंड मालिकेत कर्नल डॅन्बी झाला. १९८० मध्ये तो गेला. कर्नल मात्र दुसऱ्या नटाच्या आवाजात पुढे बरीच वर्षं त्या गावात वावरत होता. रेडिओत हे चालतं.

होम्सचे बरेच भाग आज ऐकायला मिळतात. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या नभोनाट्यरूपात (१९५५–५६, एकूण १२ भाग) गॅन्डाल्फ आणि टॉम बॉम्बाडिल या दोन्ही भूमिका शेलीच्याच होत्या. ते रूप लेखकाला मुळीच पटलं नव्हतं. मुद्रणं जपली गेली नाहीत. २०२२ मध्ये संग्रहात त्या भागांच्या संहिता सापडल्या, त्या कागदावर.