नेरळ, कर्जत, अलिबाग, शहापूर : मुंबईकरांच्या ‘जरा गावाकडे जाऊन येऊ’मागचा इतिहास

जूनचा पहिला पाऊस पडला की रविवारी सकाळच्या कर्जत लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि बहुतेकांना वाटतं की हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं आहे, म्हणजे मोबाईलवर फोटो टाकायला लागले, घरोघरी गाड्या आल्या आणि मग लोक धबधबे शोधत निघाले. तसं नाहीये. राज्याच्या राजधानीतून आजूबाजूच्या गावांकडे जायची वाट रेल्वे आली तेव्हापासूनची आहे, आणि ती कशी पडत गेली हे बघितलं की आपण ज्याच्या ओट्यावर बसून भाकरी खातो तो माणूस त्या जमिनीचा मालक आहे की नुसता वॉचमन, आणि तसं का, हेही कळतं. मला खरं तर तेवढंच सांगायचंय.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पुढचं कोणी फारसं सांगत नाही. १८५४ ला गाडी कल्याणला पोचली आणि १८५६ ला पार खोपोलीपर्यंत गेली, म्हणजे आज आपण जिथे रविवारी उतरतो ती नेरळ-कर्जतची पट्टी तेव्हाच मुंबईला जोडली गेली. त्याच्या पुढे बोरघाट होता. १८६३ ला घाटातली लाईन सुरू होईपर्यंत पुण्याला जाणारे लोक खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्याला चढायचे आणि वरती दुसरी गाडी पकडायचे. घाटाखालच्या गावांना बाहेरच्या माणसांची सवय तेव्हापासूनची आहे.

माथेरानचंही तसंच. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने वर चढला आणि ‘माथेरानचा शोध लागला’ असं आपण अजून म्हणतो, जे मला पटत नाही, कारण तिथे ठाकर आणि कातकरी लोकांचा वावर आधीपासून होताच. नंतर साहेबांचे, पारशांचे, बोहऱ्यांचे बंगले झाले. नेरळहून वर न्यायला घोडे, पालख्या आणि हातरिक्षा होत्या, मग आदमजी पीरभॉय घराण्याने स्वतःचा पैसा घालून छोट्या रुळांची गाडी बांधली, ती १९०७ ला सुरू झाली. म्हणजे सुट्टीसाठी डोंगरात जाणं ही सुरुवातीला पैसेवाल्यांची गोष्ट, आणि खालच्या वाड्यांमधल्या लोकांच्या वाट्याला ओझं उचलायचं काम.

साध्या माणसाचं शहराबाहेर जाणं वेगळं होतं. १८९६ ला मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली, मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या बोटीने. कुठे गेली, तर गावाकडच्या आपल्या माणसांकडे. तेव्हा जायचं ते जागेकडे नाही, माणसाकडे. चाळीत राहणाऱ्याचा चुलता मागे गावाला शेती करायचा, सणाला आणि मे महिन्यात घरी जायचं, येताना तांदूळ, कांदे, सुकट घेऊन यायचं. अलिबागकडचे लोक भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसायचे. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली ती याच वाटेवर, दिवस गटारी अमावस्येचा, बोट घरी निघालेल्या लोकांनी भरलेली, सहाशेच्या वर माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. आज त्याच धक्क्यावरून रो-रोमध्ये, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीत, गाडी चढवून लोक तासाभरात मांडव्याला उतरतात (ही २०२० पासूनची सोय), आणि समुद्र बघताना रामदासची आठवण निदान एकदा तरी यावी असं मला मनापासून वाटतं.

आता जमिनीचं, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. वडखळवरून अलिबागला जाताना चरी नावाचं गाव लागतं. आपण त्या रस्त्याने शंभरदा गेलेलो असतो पण गाडी कधी हळू करत नाही. इथल्या आणि आसपासच्या पंचवीसेक गावांतल्या कुळांनी, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांनी, १९३३ मध्ये खोतांची (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची) जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत ती पडीक ठेवली! नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, डॉ. आंबेडकरांचा पाठिंबा होता आणि त्यांनी १९३७ ला खोती रद्द करायचं विधेयकही मांडलं. सहा वर्षं पीक नाही म्हणजे घरात काय शिजलं असेल याचा नुसता विचार करून बघा. त्यानंतर कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला, मग १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा माणूस कायद्याने मालक धरला गेला. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही. मुंबईकरांमध्ये ‘शेतकरी दाखला आहे का तुझ्याकडे’ हा प्रश्न जो फिरतो तो इथून आला.

तरी जमीन गेलीच. १९७० नंतर नवी मुंबईसाठी पनवेल-उरणकडची गावं संपादनात आली, १९८४ ला जासईला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. २००२ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि कर्जत, खालापूर अचानक दोन तासांवर आलं. एनए (बिगरशेती) प्लॉट, फार्महाऊस, कंपाऊंडच्या भिंती. कितीतरी ठिकाणी ज्याने बापजाद्यांची जमीन विकली तोच गेटवर टॉर्च घेऊन उभा असतो आणि स्विमिंग पूलमधली पानं काढतो. मी हे कर्जतकडच्या एका फार्महाऊसवर बघितलंय. आंबा कुठला एवढंच विचारलं तर त्या दादांनी झाड कोणी लावलं, कोणत्या साली, आधी तिथे भाताचं खाचर होतं ते कुठपर्यंत, सगळं हात करून दाखवलं.

याच्या उलटी वाट नेरळजवळच्या सगुणा बागेने दाखवली. चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८०च्या दशकात शेती, मासे आणि पाहुणे एकत्र आणले, तेव्हा कृषी पर्यटन हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. सरकारचं धोरण आलं २०२० मध्ये. जमीन शेतकऱ्याकडेच राहते, आपण पैसे देऊन पाहुणे म्हणून राहतो, मला हेच सगळ्यात बरोबर वाटतं. आणि चरीच्या लोकांनी ते हाल काढले नसते तर आज यजमान म्हणून उभं राहायला किती जणांकडे जमीन असती?

स्टेशनवर उतरलात की प्लॅटफॉर्मबाहेर पावसाच्या तोंडावर ठाकर बाया शेवळं, म्हणजे रानभाजीचे कोंब, घेऊन बसतात, शेजारी काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, छोटा वाटा. काकडं घातल्याशिवाय शेवळांची खाज जात नाही, म्हणून दोन्ही एकत्रच घ्यायचं असतं. भाव करू नका, ती जंगलात फिरून एकेक कोंब काढून आणलेली असतात.

राहिलं पाणी. मुंबईने १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी घेतलं, ते पुरेना म्हणून १८९२ ला तानसा, मग मोडक सागर, भातसा, असं करत करत शहर शहापूरच्या डोंगरापर्यंत पोचलं. त्याच शहापूर तालुक्यात मे महिन्यात गावागावांत टँकर लागतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिकडे एका शेतकऱ्याकडे दोन दिवस राहिलो. ओट्यावर सात हंडे ओळीने मांडलेले, त्यातले दोनच भरलेले. काकूंनी आम्हाला चहा दिला आणि जरा ओशाळून म्हणाल्या, “आंघोळीला एकेकच बादली घ्या हां, टँकर उद्या येतो का परवा ते सांगता येत नाय.” सोमवारी सकाळी दादरच्या घरी नळ उघडला तर पाणी नेहमीसारखं पूर्ण फोर्सने आलं, मी तो तसाच धरून थोडा वेळ उभा राहिलो आणि मग बंद केला.