पार्श्वभूमी : ‘निष्क्रिय’ दयामरण आणि भरवलेला घास

प्रायोपवेशन, समाधी आणि संथारा यांची परंपरा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. १९६६ मध्ये दादरला सावरकरांनी आणि १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न-औषध सोडून घेतलेले निरोपही अनेकांच्या स्मरणात आहेत. मात्र त्या प्रसंगांत निर्णय घेणारा आणि देह ठेवणारा माणूस एकच होता. आजचा दयामरणाचा वाद दुसऱ्याच्या हाताचा आहे : रुग्णाच्या वतीने उपचार थांबवायचे की नाही, हे इतरांनी ठरवण्याचा.

मुंबईत या विषयाची संघटित चर्चा १९८१ पासून दिसते. त्या वर्षी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी येथे एक संस्था उभी राहिली आणि १९८५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात खासगी विधेयकही आले. त्याचा कायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी येथील उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती रद्द केली.

परळच्या केईएम या महापालिका रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर १९७३ मध्ये झालेला आणि तिला कायमची अंथरुणाला खिळवणारा हल्ला सर्वांना ठाऊक आहे. तिला अन्न भरवणे थांबवावे, यासाठी तिच्या वतीने एका लेखिकेने २००९ मध्ये केलेल्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि ‘निष्क्रिय दयामरण’ (जीव टिकवणारे उपचार थांबवून रुग्णाला मरू देणे) हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. वास्तविक त्या शब्दाला इतके न जुळणारे दुसरे प्रकरण शोधून सापडले नसते. ती व्हेंटिलेटरवर नव्हती. ओठांना घास लावला की ती तोंड उघडत असे. तपासणीसाठी नेमलेल्या तीन डॉक्टरांच्या अहवालात तिला माशाचे आणि कोंबडीचे सूप आवडत असावे, अशीही नोंद आहे. सप्टेंबर २०१० नंतर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढल्यामुळे नळीचा आधार घ्यावा लागला. अशा स्थितीत ‘उपचार थांबवणे’ म्हणजे नेमके काय थांबवणे? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९३ मध्ये नळीने दिलेले अन्न हा उपचारच मानला होता. पण कुस्करलेला भात चमच्याने भरवणे हाही उपचार असेल, तर आजारी माणसाची कोणतीही शुश्रूषा त्या व्याख्येबाहेर राहत नाही.

न्यायालयाने याचिकाकर्तीला ‘निकटची व्यक्ती’ मानले नाही. तो मान ३७ वर्षे तिची निगा राखणाऱ्या रुग्णालयातील सहकाऱ्यांना दिला. त्यांचा विरोध असल्याने परवानगी नाकारली गेली. मात्र त्याच निकालाने इतर रुग्णांसाठी उच्च न्यायालयाच्या संमतीने उपचार काढून घेण्याची वाट मोकळी केली. ती स्वतः मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने गेली.

‘निष्क्रिय’ या शब्दाचा गुंता इथेच आहे. व्हेंटिलेटर बंद करणारा हात हलतो, तरी कायदा त्याला निष्क्रिय म्हणतो. १९७५ मध्ये एका अमेरिकी तत्त्वज्ञाने दोन माणसांचे उदाहरण दिले होते : एक जण वारशाच्या लोभाने लहान मुलाला टबात बुडवतो, तर त्याच लोभाने आलेला दुसरा ते मूल घसरून बुडताना नुसता पाहत राहतो. दुसऱ्याला कमी दोषी म्हणणे अवघड आहे. पण हे उदाहरण दुष्ट हेतूचे आहे, आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टरपुढे प्रश्न हेतूचा नसून निष्फळ उपचाराचा असतो. त्यामुळे ते वाजवीपेक्षा अधिक उद्धृत होते, असे वाटते. देशातील वैद्यकीय संशोधनाच्या शीर्ष संस्थेने २०१८ मध्ये हा शब्दप्रयोग कालबाह्य ठरवला, तर त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

कायदा आणि परिभाषा चर्चेत असताना रुग्णालयांत ‘डामा’ (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस) चालूच होता. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, असे नातेवाईक केसपेपरवर लिहून देतात, सही करतात आणि रुग्णवाहिका निघते. यामागे कधी विचारपूर्वक निर्णय असतो, तर कधी केवळ थकलेले बिल. हा फरक त्या कागदावर उमटत नाही. माझ्या मते सोडून देण्याच्या नीतिशास्त्राची सर्वांत कमी तपासलेली बाजू हीच आहे.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, समाविष्ट मानला, २०११ च्या निकालाने १९९६ च्या निकालाचा चुकीचा अर्थ लावल्याचे सांगितले आणि आगाऊ निर्देशपत्राला, म्हणजे पुढे बोलता येईनासे झाल्यास कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, ही अट इतकी अवघड होती की कागद तयार करणे हेच एक दिव्य ठरले. जानेवारी २०२३ मध्ये नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानण्यात आली आणि प्राथमिक व दुय्यम वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे ठरले. मुंबईतील एका डॉक्टरांच्या जनहित याचिकेनंतर राज्याने २०२४ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ही निर्देशपत्रे सांभाळणारे अभिरक्षक नेमले. कोणता उपचार कधी थांबवायचा, हे त्यात निःसंदिग्ध शब्दांत लिहावे लागते. आपल्या वतीने बोलणाऱ्या पालकाचे किंवा जवळच्या नातेवाइकाचे नावही द्यावे लागते. २०२३ पासून अशी एकाहून अधिक नावे देता येतात.