रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे लसीकरण आणि शारीरिक पात्रता : पार्श्वभूमी

सांगली-मिरज परिसरातील बऱ्याच रुग्णालयांत परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा शिकाऊ डॉक्टर रुजू होताना शैक्षणिक कागदपत्रांबरोबर दोन गोष्टी मागितल्या जातात : शारीरिक पात्रतेचा दाखला, म्हणजे बोलीतले ‘फिटनेस’, आणि लसीकरणाची नोंद. एकाच फाइलमध्ये लागत असल्या तरी या दोन अटींचा उगम वेगळा आहे. तो लक्षात घेतला नाही, तर त्यांतली जबाबदारी कर्मचाऱ्याची की संस्थेची, हा वारंवार उद्भवणारा प्रश्न नीट मांडताही येत नाही.

पात्रतेचा दाखला सरकारी नोकरीच्या व्यवस्थेतून आला. नेमलेली व्यक्ती पुढची अनेक वर्षे सेवा करू शकेल की नाही, एवढेच त्यात पाहायचे असे. त्यामुळे जिल्हा शल्यचिकित्सकांकडची दृष्टी, श्रवण, वजन, रक्तदाब यांची तपासणी कचेरीतल्या कारकुनाला आणि वॉर्डातल्या परिचारिकेला साधारण सारखीच लागू होई. कामाच्या जागीच आजार जडू शकतो, हा विचार तिच्या मुळाशी नव्हता.

लसीची वाट निराळी होती. देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत प्रथम टोचली गेली आणि १८७७ मध्ये मुंबईसाठी लसीकरणाचा कायदा झाला, पण त्याचा रोख लहान मुलांवर होता. रुग्णसेवा करणाऱ्यांचा धोका किती मोठा असतो, हे या भागाला १८९७ च्या प्लेगने दाखवले. त्या वर्षी १० जानेवारीला वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्चला, सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण पोहोचवण्याचे काम त्या करत होत्या. लस नुकती जन्माला आली होती, आणि रुग्णाला हात लावणाऱ्यांपर्यंत ती आधी पोहोचली पाहिजे असा नियम तेव्हा कुठेच नव्हता. आपल्याकडे त्यांच्या मृत्यूचे स्मरण त्याग म्हणून होते आणि ते योग्यच आहे. पण तो सेवेच्या कामातून झालेल्या संसर्गाचा मृत्यू होता, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले गेले पाहिजे.

हा संबंध शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झाला तो क्षयरोगाच्या बाबतीत. नॉर्वेतील ऑस्लोच्या उल्लेव्होल रुग्णालयात योहानेस हाइमबेक यांनी १९२४ पासून शिकाऊ परिचारिकांची ट्यूबरक्युलिन चाचणी, म्हणजे क्षयाचा संसर्ग झाला आहे का हे दाखवणारी त्वचेची चाचणी, घेतली. प्रवेशाच्या वेळी ज्यांना संसर्ग झालेला नव्हता अशा जवळजवळ सर्व मुलींना प्रशिक्षण संपेपर्यंत तो झालेला असे, आणि आजारी पडणाऱ्याही मुख्यतः त्याच असत. परिचारिकेचा क्षय हा तिच्या नाजूक प्रकृतीचा दोष नसून वॉर्डातल्या हवेचा परिणाम आहे, हे यातून पुढे आले आणि तिथे बीसीजी ही क्षयावरची लस देणे सुरू झाले. मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांच्या मिशन रुग्णालयाची परंपरा, वान्लेसवाडीचे क्षयरोग आरोग्यधाम आणि १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे इथल्या कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्या क्षयरुग्णांच्या सहवासात वावरल्या आहेत. मात्र बीसीजी प्रौढांना फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण देत नाही, असे तमिळनाडूतील चिंगलपेट येथील १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. म्हणून क्षयाच्या बाबतीत खेळती हवा, योग्य मास्क, रुजू होतानाचा एक्स-रे आणि लक्षणांची नियमित विचारपूस यांवरच भर द्यावा लागतो.

लसीकरणाची आजची अट खऱ्या अर्थाने घडवली ती कावीळ-ब, म्हणजे हिपॅटायटीस बीने. बाधित रुग्णाला वापरलेली सुई टोचली गेली, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. वॉर्डात एचआयव्हीची धास्ती फार आणि कावीळ-बची फारशी नाही, हे उलटे चित्र आजही आढळते. अमेरिकेत १९८१ मध्ये लसीला मान्यता मिळाली आणि १९९१ च्या नियमाने ती धोक्याच्या जागी काम करणाऱ्यांना विनामूल्य देऊ करण्याचे बंधन मालकावर आले. कर्मचाऱ्याला लेखी नकार देण्याची मुभाही राहिली. भारतात सुरुवातीची आयात लस सामान्य कर्मचाऱ्याच्या पगाराला परवडणारी नव्हती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किमती झपाट्याने उतरल्या.

भारतातले स्पष्ट बंधन मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडते. २८ मार्च २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणारे आरोग्य कर्मचारी ‘आणि इतर’ यांना कावीळ-ब व धनुर्वात यांसह संभाव्य रोगांच्या लसी देणे, तसेच रुजू होताना आणि वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणे, हे काम रुग्णालय चालवणाऱ्यावर सोपवले आहे. कर्मचाऱ्याने स्वखर्चाने लस घेऊन पुरावा आणावा, असे तिथे म्हटलेले नाही. आपल्याकडची रूढ पद्धत नेमकी या मुद्द्यावर नियमाच्या उलट जाते, आणि ती बदलायला हवी असे माझे ठाम मत आहे.

‘पात्र’ म्हणजे कोण, याचा अर्थही दरम्यान न्यायालयांत बदलत गेला. एचआयव्हीबाधित असल्यामुळे काम नाकारल्या गेलेल्या एका हंगामी मजुराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये निर्णय दिला की, व्यक्ती काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना लक्षणीय धोका नसेल, तर केवळ संसर्गामुळे तिला नोकरी नाकारता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी अशी चाचणी सक्तीची करण्यास मनाई केली आणि संसर्गाचा धोका असलेल्या जागी सुरक्षिततेची साधने व सुई टोचल्यानंतरचे प्रतिबंधक औषध पुरवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली.

मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोविडचे रुग्ण एकत्र आढळले, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या यंत्रणेपुढे लस नव्हतीच. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले तेव्हा पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाला, तोही ऐच्छिक स्वरूपात. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी सांगितले की, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी आणि प्रमाणात असलेले निर्बंध घालता येतील.

सर्वांत दुबळा दुवा कंत्राटी सफाई कामगारांचा आहे. कावीळ-बच्या मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी द्यायच्या असतात, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे (लसीमुळे तयार होणारे संरक्षक घटक) प्रतिमिलिलीटर किमान १० मिलियुनिट आहेत का ते पाहायचे असते. मधल्या काळात कंत्राट बदलले की तिसरी मात्रा राहून जाते, नवा ठेकेदार नवी माणसे आणतो आणि जुन्यांची नोंद कोणाकडेच उरत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतील ‘इतर’ या शब्दात हे कामगार निःसंशय येतात. म्हणून त्यांचे लसीकरण पत्रक ठेकेदाराकडे न ठेवता रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण परिचारिकेकडे ठेवावे आणि एक प्रत कामगाराच्या हातात द्यावी.