कोस्टा रिकाचा पाऊस दुपारचीच वेळ का धरतो?

कोस्टा रिकात मे ते नोव्हेंबर पावसाळा, हे कळलं की डोळ्यांसमोर आठवडाभर न उघडणारी झड उभी राहते आणि जायचा बेत रद्द होतो. हॉटेलवाले दर उतरवतात आणि या महिन्यांना ‘हिरवा हंगाम’ म्हणतात. खरं तर वर्षावन बाराही महिने हिरवंच. हे नाव शोभतं ते वायव्येच्या ग्वानाकास्तेला, जिथली पानगळीची जंगलं मार्चमध्ये उघडीबोडकी असतात. झडीची भीती मात्र बहुतेक दिवशी फोल ठरते. पॅसिफिकच्या बाजूला सकाळ लख्ख असते आणि दुपारी एक-दोननंतर पाऊस कोसळतो.

देश विषुववृत्ताच्या उत्तरेला 8 ते 11 अंशांत. सकाळच्या उन्हानं जमीन भराभर तापते, समुद्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. तापलेली हवा हलकी होऊन वर सरकते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून दमट वारा आत येतो. पुढे देशाच्या कण्यासारख्या डोंगररांगा आडव्या आहेत. वाऱ्याला वर चढण्याखेरीज गत्यंतर नसतं.

आता थोडं गणित. हवेचं तापमान 30 अंश आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते, 23 अंश धरू. फरकाच्या दर अंशामागे सुमारे 125 मीटर, असा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे 875 मीटरवर ढगाचा तळ. तिथवर चढणारी हवा दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी थंडावते. पण ढगात शिरल्यावर बाष्पाचे थेंब होऊ लागतात आणि दर किलो पाण्यामागे सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता मोकळी होते. त्यामुळे थंडावण्याचा वेग चार-पाच अंशांवर येतो. भोवतालची हवा मात्र उंचीबरोबर दर किलोमीटरला सहाएक अंशांनी गार होत गेलेली असते. ढगातली हवा शेजारच्या हवेपेक्षा उबदार राहते, म्हणून आणखी चढते, आणखी थेंब बनतात, आणखी उष्णता सुटते. एका चौरस किलोमीटरवर 50 मिलिमीटरची सर म्हणजे 50,000 टन पाणी. ते बनताना सुटलेली उष्णता साडेतीन कोटी युनिट विजेइतकी भरते! हे इंजिन बंदही स्वतःच पडतं. सरीबरोबर गार हवा खाली कोसळते, ढगाच्या सावलीत जमीन निवते, इंधन संपतं. म्हणून जंगलातली पायवाट पहाटे साडेपाचला धरावी आणि अकरापर्यंत परतावं.

कॅरिबियन किनाऱ्याचं वेळापत्रक वेगळं. तिथला बराचसा पाऊस ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आणतात, आणि ते कधीही आणतात, रात्रीसुद्धा. सप्टेंबर-ऑक्टोबरात हे वारे मंदावतात. त्यामुळे पॅसिफिकची बाजू सर्वाधिक भिजत असते, तेव्हाच या किनाऱ्यावरच्या काउइता आणि पुएर्तो व्हिएहोला त्यातल्या त्यात कोरडी हवा मिळते. जुलैत वारे पुन्हा जोर धरतात तेव्हा उलट घडतं. पॅसिफिककडे पावसाला थोडी उघडीप मिळते. तिला तिथे ‘व्हेरानियो’, म्हणजे छोटा उन्हाळा म्हणतात.

जानेवारीचे पहिले 12 दिवस पाहून वर्षातल्या 12 महिन्यांची हवा सांगायची ‘पिंतास’ नावाची लोकरीत तिथे आहे. ऐकायला गोड. पण त्या दिवसांचं हवामान जानेवारीच्या वाऱ्यांचं असतं. ऑक्टोबरच्या पावसाची त्यात कुठलीही खूण नसते. त्यापेक्षा एल निन्योची बातमी वाचावी. तो असला की पॅसिफिक बाजूचा पाऊस सहसा घटतो आणि कॅरिबियन बाजूचा वाढतो.

हे घड्याळ बिघडतं ते कॅरिबियन समुद्रात चक्री वादळ किंवा मोठा कमी दाबाचा पट्टा तयार झाला की. तो पॅसिफिकवरची दमट हवा सतत आपल्याकडे ओढतो, आणि मग उन्हाची गरजच उरत नाही. हा दिवसरात्र चालणारा पाऊस म्हणजे ‘तेंपोराल’. ऑक्टोबर 2017 मध्ये नेट वादळाचं केंद्र देशाबाहेर असूनही पूर आणि दरडींनी कोस्टा रिकाचं मोठं नुकसान केलं. अशा दिवसांत सान होसे ते लिमोन हा ब्राउलियो कारियो अरण्यातून जाणारा 32 क्रमांकाचा रस्ता दरडींमुळे वारंवार बंद होतो. राष्ट्रीय हवामान संस्थेचा इशारा पाहिल्याशिवाय तो धरू नये.

नदीत उतरलेल्याला खरा धोका डोक्यावरच्या पावसाचा नसतो, डोंगरावरच्या पावसाचा असतो. तुमच्यावर ऊन असतानाही वरच्या सरीचा लोंढा येतो. त्याला ‘काबेसा दे आग्वा’, म्हणजे पाण्याचं डोकं म्हणतात. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-फांद्या वाहत आल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, की सामान सोडून काठाच्या चढावर जावं, प्रवाहाच्या दिशेनं पळू नये. वाहत्या ओढ्यात गाडी घालू नये. 30 सेंटिमीटर पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं, 60 सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं.

कॅमेऱ्यालाही तोच दवबिंदू छळतो. वातानुकूलित खोलीतली 20 अंशांची काच 23 दवबिंदूच्या हवेत आली की लगेच धूसर होते. बाहेर पडण्याआधी कॅमेरा घट्ट बंद पिशवीत ठेवावा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नये, म्हणजे काच बाहेरच्या हवेइतकी तापते. तांदळात कॅमेरा पुरण्याचा उपाय कुचकामी. सिलिका जेल वापरावं. ते स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं बाष्प शोषतं. रंग बदलणारे मणी घेतले, तर ते भरले कधी हे नुसतं पाहून कळतं.