हँडगनवरची लेझर साइट आणि आयर्न साइट

पिस्तूल किंवा रिव्हॉल्वरने नेम धरायच्या या दोन वेगळ्या पद्धती. आयर्न साइट म्हणजे नळीच्या टोकाला एक खुंटी, जिला आपल्याकडे माशी म्हणतात, आणि मागे एक खाच. माशी खाचेच्या मधोमध, दोन्हीकडे सारखी फट, वरच्या कडा एका रेषेत, झाला नेम. नाव आयर्न असलं तरी ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलावर मुळात येते ती प्लास्टिकची असते. लेझर साइटमध्ये नळीखाली किंवा मुठीत बसवलेला छोटा लेझर लाल नाहीतर हिरवा ठिपका थेट समोर टाकतो. स्वसंरक्षणासाठी यातलं काय घ्यावं हा वाद मुख्यतः अमेरिकेतला, कारण तिथे असंख्य लोक त्यासाठी घरात हँडगन ठेवतात.

आयर्न साइटला बॅटरी लागत नाही, पण चुकीला माफीही नाही. ग्लॉक १७ च्या दोन साइट्समध्ये साधारण १६५ मिमी अंतर असतं, माशी १ मिमी जरी सरकली तरी ७ मीटरवर गोळी ४ सेंमी बाजूला जाते, आणि आखूड रिव्हॉल्वरवर त्याहून जास्त. शिवाय नजर माशीवर ठेवायची असते, समोरच्यावर नाही, आणि जीव घाबरला की नेमकं उलटं होतं. चाळिशी लागलेल्यांना तर माशी धुरकटच दिसते. अंधारासाठी ट्रिटियम या किरणोत्सारी वायूच्या, चमकणाऱ्या साइट्स मिळतात, पण ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, त्यामुळे त्याही हळूहळू मंद होतात.

लेझरची खरी गंमत इथेच आहे की नजर समोरच ठेवता येते, आणि जमिनीवर पडलेले असताना किंवा आडोशातून, हात डोळ्यासमोर आणता येत नसतानाही नेम कळतो. पण भर उन्हात लाल ठिपका दिसेनासा होतो, हिरवा जास्त उठून दिसतो कारण डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो. आणि लेझर नळीच्या खाली असतो हे लोक विसरतात. समजा तो ३ सेंमी खाली आहे आणि ७ मीटरवर गोळीशी जुळवलाय, तर १४ मीटरवर ठिपका गोळीच्या ३ सेंमी वर पडणार. समोर कोण आहे, चोर की रात्री पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा, हे ठिपका सांगत नाही, त्याला टॉर्चच लागतो.

नवशिक्याचा हात थरथरतो तसा ठिपकाही नाचतो आणि तो बरोबर जागी यायची वाट बघत बसण्यात वेळ जातो. मात्र सरावाला हाच नाच फार कामाचा. पिस्तूल पूर्ण रिकामं आहे हे दोनदा तपासून, सुरक्षित दिशेला भिंतीवर ठिपका धरून चाप दाबताना तो झटकन खाली उडाला, तर बोट हिसका देतंय हे लगेच कळतं. माझ्या मते आधी माशीच शिकावी, लेझर नंतर जोडीला घ्यावा, कारण बॅटरी संपली की हातात माशीच उरते.

ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत लेझर चालतच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्सचं २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण मिळवलं ते उघड्या, म्हणजे माशी-खाचेच्या साइटवरच.